वासराची कांती

अहिल्यानगर जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला सह्याद्रीच्या कुशीत अकोले तालुका वसलेला आहे. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई याच तालुक्याच्या सीमेवर उभे आहे आणि प्रवरा नदीचा उगमही येथल्याच रतनगडावर होतो. या तालुक्यातील राजूर गावी, भातकापणी उरकली म्हणजे, डांगी जनावरांचे मोठे प्रदर्शन भरते. डोंगरातील वाड्यापाड्यांवरून शेतकरी आपली निवडक जनावरे घेऊन येतात. काळ्यापांढऱ्या ठिपक्यांचे वळू, गोंडस कालवडी आणि आईच्या अंगाला घसटून उभी असलेली वासरे यांनी मैदान फुलून जाते.

प्रदर्शनातील परीक्षकांचे काम पाहण्यासारखे असते. ते जनावराची शिंगे पाहतात, खूर पाहतात, चाल पाहतात. मग जवळ जाऊन ते आपला तळहात मानेपासून पाठीपर्यंत सावकाश फिरवतात. एखाद्या वासराच्या अंगावरून हात फिरवला की त्यांच्या चेहऱ्यावर समाधान उमटते. दुसऱ्याच्या अंगावरून फिरवला की ते मान हलवून पुढे सरकतात. दोन्ही वासरे दिसायला सारखीच असतात. तळहाताला असे काय कळले, की जे बघ्यांच्या डोळ्यांना कळले नाही?

त्या हाताने वासराची कांती वाचलेली असते. निरोगी वासराचे केस अंगाशी निजलेले, मऊ आणि थोडेसे तेलकट लागतात. ऊन पडले की ते चमकतात. आजारी किंवा उपाशी वासराचे केस राठ, कोरडे आणि उभे असतात. त्यावर हात फिरवला तर वाळक्या गवतावरून फिरवल्यासारखा भास होतो. आपल्याकडील जाणती माणसे पहिल्या वासराविषयी ‘अंगावर तेज आहे’ असे म्हणतात आणि दुसऱ्याविषयी ‘अंग पिंजारले आहे’ असे म्हणतात. वासराला बोलता येत नाही. पोट दुखते, अंगात कणकण आहे, दूध पुरत नाही, यांतले काहीही ते सांगू शकत नाही. त्याचे केस मात्र पुष्कळ वेळा त्याच्या वतीने बोलतात. त्यांची भाषा समजावून घेणे हा या पाठाचा विषय आहे.

प्रथम केस म्हणजे काय ते पाहू. केस कातडीतून नुसता उगवलेला धागा नव्हे. त्याच्या मुळाशी कातडीत एक बारीकशी पिशवी असते आणि तिच्यात केस घडत असतो. या पिशवीला लागून तीन गोष्टी असतात. एक तेलाची ग्रंथी; तिच्यातून पाझरणारा स्निग्ध पदार्थ केसावर पसरतो व त्याला चमक देतो. दुसरी घामाची ग्रंथी. तिसरा एक सूक्ष्म स्नायू. तो आखडला की केस ताठ उभा राहतो. थंडीत आपल्या अंगावर काटा येतो, तो याच स्नायूचा खेळ. आपल्या अंगावरची लव विरळ असल्यामुळे त्या काट्याचा आपल्याला उपयोग होत नाही. वासराला मात्र तो फार मोलाचा असतो. केस उभे राहिले की त्यांच्यामध्ये हवेचा थर अडकतो. स्थिर हवेतून उष्णता सहजासहजी बाहेर जात नाही. गोधडीच्या दोन पदरांमधली हवा जशी आपल्याला ऊब देते, तशीच ही हवा वासराला ऊब देते.

परंतु या व्यवस्थेत एक मोठी उणीव आहे. केस भिजले की ते एकमेकांना चिकटतात, मधली हवा निघून जाते आणि तिची जागा पाणी घेते. पाण्यातून उष्णता झपाट्याने वाहून जाते. म्हणून कोरड्या थंडीत तग धरणारे वासरू पावसाच्या एका झडीने गारठून जाते.

येथेच डांगी जनावराचे वेगळेपण दिसून येते. अकोले तालुक्याच्या घाटमाथ्यावर घाटघर, रतनवाडी या भागांत काही वर्षी पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. त्याच जिल्ह्यात पूर्वेकडे, पाथर्डी किंवा जामखेड येथे, वर्षभरात पाचशे-सहाशे मिलिमीटर पडला तरी शेतकरी समाधान मानतो. घाटमाथ्यावर आषाढ-श्रावणात आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही. माणसे इरली घेऊन चिखलात भाताची लावणी करतात आणि त्यांच्यापुढे डांगी बैल गुडघाभर चिखलात औत ओढत असतात. या जनावरांच्या कातडीतून तेलासारखा पदार्थ भरपूर पाझरतो. त्यामुळे पावसाचे पाणी केसांत मुरत नाही, अंगावरून निथळून जाते. अळूच्या पानावरून पाण्याचे थेंब घरंगळताना तुम्ही पाहिलेच आहेत. तसाच काहीसा प्रकार. डांगीचे खूर काळे आणि दगडासारखे टणक असतात, तेही याच मुलुखाला साजेसे. महादेव कोळी, ठाकर, कानडे इत्यादी समाजांच्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या ही जनावरे सांभाळली. पारा, बाहाळा, मणेरी अशी त्यांची रंगावरून पडलेली नावे आजही तेथे ऐकू येतात.

तथापि, डांगीचे वासरू आहे म्हणून ते कसेही राहील, असे समजणे चुकीचे ठरेल. मोठ्या जनावराच्या अंगी जे बळ असते ते नुकत्याच जन्मलेल्या वासराच्या अंगी नसते. त्याच्या कातडीखाली चरबी थोडी आणि शरीराच्या मानाने कातडीचा पसारा मोठा. त्यामुळे ते लवकर निवते. अतिवृष्टीत व गार वाऱ्यात जनावरे गारठून दगावल्याच्या घटना या भागात घडल्या आहेत. म्हणूनच येथील घरांत माणसांच्या जागेला लागूनच गुरांची जागा असते. एका अंगाला चूल आणि एका अंगाला दावण! पाहुण्याला हे विचित्र वाटते. वासराला तसे वाटत नसावे.

आता वासराच्या जन्माच्या वेळेकडे वळू. गाय सुमारे २८० दिवस गाभण राहते. वासरू जन्मते तेव्हा ते नखशिखांत ओले असते. गाय लगेच वळून त्याला चाटू लागते. आपण याला माया म्हणतो आणि ती माया आहेही. पण त्या चाटण्यात मोठे काम साधत असते. गाईची जीभ खरखरीत असते. तिने अंगावरचा ओलावा निघतो, केस मोकळे होतात आणि त्यांत हवा शिरते. शिवाय त्या घासण्याने कातडीतील रक्ताभिसरण वाढते, वासराचा श्वास मोकळा होतो आणि ते उभे राहण्याची धडपड करू लागते. एखादी गाय, विशेषतः पहिलारू, वासराला चाटत नाही. अशा वेळी कोरड्या गोणपाटाने किंवा भाताच्या पेंढ्याने त्याचे अंग जोरजोराने चोळून काढावे लागते. हलक्या हाताने पुसून भागत नाही. तुटलेल्या नाळेला आयोडीनचे औषध लावणे हेही याच वेळचे काम. कारण ओल्या नाळेतून रोगजंतू सरळ पोटात शिरतात.

यानंतरची पहिली एक-दोन तासांची वेळ वासराच्या साऱ्या आयुष्यात महत्त्वाची असते. माणसाच्या मुलाला जन्मापूर्वीच आईच्या रक्तातून रोगप्रतिकारक द्रव्ये मिळालेली असतात. गाईच्या गर्भाशयाची रचना अशी आहे, की ती द्रव्ये वासरापर्यंत पोहोचत नाहीत. वासरू जन्मते ते या बाबतीत रिकाम्या हातांनी. निसर्गाने त्याची भरपाई चिकात ठेवली आहे. व्याल्यानंतर पहिल्या दिवसांत येणारे घट्ट पिवळसर दूध म्हणजे चीक. त्यात ही संरक्षक द्रव्ये विपुल असतात. पण येथे एक अट आहे. वासराच्या आतड्याची दारे ही द्रव्ये आत घेण्यासाठी जन्मानंतर थोडेच तास उघडी असतात. घटकेघटकेने ती मिटत जातात आणि एक दिवस उलटला की जवळजवळ बंद होतात. म्हणून पहिल्या दोन तासांत वासराने पोटभर चीक प्यायला पाहिजे. पहिल्या दिवसभरात त्याच्या वजनाच्या सुमारे एक-दशांश इतका चीक त्याला मिळावा, असा सर्वसाधारण नियम आहे. पंचवीस किलो वजनाच्या वासराला अडीच लिटर, हा त्याचा सरळ हिशेब.

हे सगळे ठाऊक नसल्यामुळे आपल्या खेड्यांत एक समज रूढ झाला. गाईची वार पडेपर्यंत वासराला चीक पाजू नये, असे सांगितले जाई. आणि काही ठिकाणी अजूनही सांगितले जाते. वार पडायला कधी सहा तास लागतात, कधी दहा. तेवढा वेळ वासरू दाव्याला बांधून उपाशी राहते आणि आतड्याची दारे मिटत जातात. वास्तविक वासरू आचळाला लुचू लागले म्हणजे वार पडण्यास मदतच होते. म्हणजे ज्या भीतीने चीक रोखून धरला, ती भीतीच उलटी! खरवसाच्या बाबतीतही असेच होते. खरवस कोणाला आवडत नाही? प्रस्तुत लेखकालाही तो अतिशय आवडतो. परंतु पहिल्या धारेवर पहिला हक्क वासराचा आहे. त्याचे पोट भरून उरलेल्या चिकाचा खरवस तितकाच गोड लागतो.

ज्या वासराला चीक वेळेवर मिळाला, त्याचे केस दोन-तीन दिवसांत सुटे होऊन चमकू लागतात. ज्याला मिळाला नाही, ते पहिले काही दिवस तसे बरे दिसते. मग आठवड्याभरात कुठलासा क्षुल्लक जंतू त्याला गाठतो.

वासराच्या केसांवर ऋतूंचाही परिणाम होतो. दिवस लहान होऊ लागले की केस लांब व दाट होतात. दिवस मोठे होऊ लागले की ते गळून आखूड, तुळतुळीत केस येतात. दिवसाच्या लांबीवरून शरीराला पुढच्या ऋतूची वर्दी मिळते. आपल्या देशी गाईंचे केस मुळातच आखूड आणि गुळगुळीत असतात. उष्ण देशात तेच हितकर. परदेशी रक्ताच्या वासरांचे केस मात्र लांब असू शकतात. राहुरी येथे १९६८ साली स्थापन झालेल्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने ‘फुले त्रिवेणी’ नावाची संकरित गाय तयार केली आहे. तिच्यात निम्मे रक्त होल्स्टीन फ्रीजियनचे, पाव जर्सीचे आणि पाव आपल्या गीर गाईचे असते. तीन वंशांचा संगम म्हणून त्रिवेणी! अशा संकरित वासरांची निगा राखताना उन्हाळ्यात सावली आणि गार पाणी यांची अधिक काळजी घ्यावी लागते. डांगी वासराला पावसाचा वारसा मिळाला आहे, तर संकरित वासराला थंड देशांचा. प्रत्येकाने आपापल्या पूर्वजांचे हवामान जणू अंगावर पांघरून आणलेले असते.

या विषयाचा पद्धतशीर अभ्यास ऑस्ट्रेलियात झाला. तेथील क्वीन्सलँड प्रांत उष्ण. आणि गुरे मात्र इंग्लंडहून नेलेली, झिपऱ्या केसांची. टर्नर आणि श्लेगर या दोन शास्त्रज्ञांनी जनावरांच्या केसांना अत्यंत आखूडपासून अत्यंत लोकरीसारख्या केसांपर्यंत सात प्रती ठरवून दिल्या आणि हजेरी मांडावी तशी प्रत्येक जनावराची प्रत मांडून ठेवली. १९६० साली त्यांनी आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. आखूड, चिकण्या केसांची जनावरे अधिक चांगली वाढतात, असे त्यांना आढळले. यात उष्णतेचा भाग तर होताच. पण तुळतुळीत केस हे शरीराचा कारभार एकंदरीत सुरळीत चालल्याचेही चिन्ह आहे, असा त्यांनी निष्कर्ष काढला. राजूरच्या परीक्षकाचा तळहात आणि क्वीन्सलँडच्या शास्त्रज्ञांची नोंदवही यांचा निकाल असा एकच निघाला.

शरीराचा कारभार आणि केस यांचा संबंध कसा येतो? शरीराला अन्न कमी पडले की ते काटकसर करते. मेंदू, हृदय, फुप्फुसे यांचे काम थांबवता येत नाही. त्यांना त्यांचा वाटा आधी मिळतो. केस आणि कातडी यांचा क्रमांक सर्वांत शेवटी लागतो. केस हा जवळजवळ सगळा प्रथिनांचा बनलेला असतो. प्रथिने अपुरी पडली की नवा केस बारीक व राठ निघतो, जुना केस वेळेवर गळत नाही आणि तेलाच्या ग्रंथी कोरड्या पडतात. घरात टंचाई आली की पहिल्यांदा भिंतींचा रंग जातो, तसेच हे आहे. दुसरी गोष्ट अशी, की अंगात ताप चढू लागला की थंडी वाजते. तापलेल्या माणसाला जशी हुडहुडी भरते, तशीच वासरालाही भरते आणि त्याचे केस उभे राहतात. शिवाय निरोगी वासरू दिवसातून अनेकदा स्वतःला चाटते. आजारी वासरू चाटत नाही, आणि त्याचे केस विस्कटलेलेच राहतात.

एवढे कळले म्हणजे निरनिराळ्या खुणा वाचता येऊ लागतात. केस राठ, पोट मात्र घागरीसारखे फुगलेले आणि बरगड्या दिसत असल्या, तर पोटात जंत असण्याचा संभव फार. गोल जंताची एक जात अशी आहे, की तिच्या अळ्या आईच्या दुधातूनच वासराच्या पोटात जातात; म्हशीच्या रेडकांत हा प्रकार विशेष आढळतो. म्हणून वासरू दहा-पंधरा दिवसांचे झाले की पशुवैद्याच्या सल्ल्याने त्याला जंताचे औषध देतात. काळ्या वासराचे केस तांबूस पडू लागले किंवा डोळ्यांभोवती चष्मा घातल्यासारखे फिके कडे दिसू लागले, तर आहारात तांबे या खनिजाची उणीव असू शकते. केसांना काळा रंग देणारे द्रव्य तयार होण्यासाठी तांब्याचा अंश लागतो, तो फार थोडा. पण तोही नसला तर रंगाचे काम अडते. डोळ्यांभोवती आणि तोंडावर राखाडी पापुद्र्यांचे गोल चट्टे पडून तेथील केस गेले, तर ते गजकर्ण होय. ते एका वासरावरून दुसऱ्यावर आणि वासरावरून माणसावरही पसरते. म्हणून असे वासरू कुरवाळल्यावर साबणाने हात धुवावेत. हिवाळ्यात वासरू खांबाला सारखे अंग घासू लागले, तर मानेवरचे केस बाजूला करून उवा पाहाव्यात. कानांत, आचळांजवळ आणि शेपटीखाली गोचिडी पाहाव्यात. गोचीड रक्त पिते एवढेच नव्हे, तर तापाचे रोगही एका जनावराकडून दुसऱ्याकडे नेते.

२०२२ साली महाराष्ट्रात लंपी चर्मरोगाची साथ पसरली तेव्हा गुरांचे बाजार बंद ठेवावे लागले. या रोगात ताप येऊन अंगावर गाठी उठतात. काही जनावरांच्या गाठी डोळ्यांना ठळक दिसण्यापूर्वी तेथले केस झुपक्यासारखे उभे राहिलेले दिसत. नीट पाहणाऱ्याला तेवढी सूचना पुरे होई. त्या साथीत शेळ्यांच्या देवीवरील लस गुरांना टोचून त्यांचे रक्षण करण्यात आले. लहान वासरांना या रोगाचा त्रास अधिक झाला.

आता जिल्ह्याच्या पूर्वेकडील भागाकडे वळू. येथे पावसाची कमतरता हेच मोठे संकट. १९७२ सालचा दुष्काळ वयोवृद्ध माणसांच्या आठवणीत आहे. त्यानंतर २०१२-१३ आणि २०१८-१९ या वर्षीही येथे जनावरांसाठी चारा छावण्या उघडाव्या लागल्या. दावणीला बांधलेल्या गुरांच्या रांगा आणि त्यांच्यापुढे उसाची कांडी व वाढे, असे त्या छावण्यांचे दृश्य असे. उसाने पोट भरते. परंतु वाढत्या वासराला जी प्रथिने हवीत ती त्यात फार थोडी असतात. दुसरी उणीव अधिक छुपी आहे. हिरव्या चाऱ्यात एक पिवळे द्रव्य असते. त्यापासून शरीर ‘अ’ जीवनसत्त्व तयार करते. चिकाचा पिवळा रंग त्याच द्रव्याचा. चारा वाळवून फार दिवस साठवला की ते नाहीसे होत जाते. गाभण गाय महिनोन्‌महिने केवळ वाळल्या कडब्यावर राहिली, तर तिच्या चिकातही ते पुरेसे उतरत नाही. मग वासराचे केस राठ पडतात, डोळे पाणावतात, त्याला वारंवार हगवण लागते आणि संध्याकाळी अंधारू लागले की ते दाराच्या चौकटीला धडकते. ज्याच्या जन्मापूर्वी दुष्काळ पडला, त्याच्या अंगावर तो जन्मानंतर उमटतो. अशा वेळी मूठभर हिरवे घास किंवा शेवरीचा पालासुद्धा मोलाचा ठरतो.

एक गोष्ट सांगावीशी वाटते. ती फारशी सुखाची नाही. एकाच गोठ्यातील कालवड आणि गोऱ्हा यांची कांती पुष्कळदा सारखी नसते. कालवड पुढे दूध देणार म्हणून तिला आचळाशी अधिक वेळ सोडतात. शेतात ट्रॅक्टर आल्यापासून गोऱ्ह्याला पूर्वीचे महत्त्व राहिले नाही. त्याच्या वाट्याचे दूध डेअरीच्या कॅनमध्ये जाते. शेतकऱ्याचीही अडचण असते, हे खरे. पण त्या गोऱ्ह्याच्या पिंजारलेल्या केसांत जो रोग दिसतो, त्याला औषध दवाखान्यात मिळत नाही.

राहुरी तालुक्यात मुळा नदीच्या कालव्यालगत एका वस्तीवर मी हिवाळ्यात काही दिवस राहिलो होतो. घरात म्हातारी आजी, तिचा मुलगा, सून आणि सातवीत शिकणारा नातू. गोठ्यात दोन वासरे होती. एक दीड महिन्याचे आणि एक अवघ्या नऊ दिवसांची संकरित कालवड. आदल्या वर्षी याच गोठ्यात एक कालवड हगवणीने गेली होती. पोटाला विश्रांती हवी म्हणून तेव्हा तिचे दूध दोन दिवस तोडले होते. ती आठवण कोणी काढत नसे. परंतु आजी रोज पहाटे कंदील घेऊन आधी गोठ्यात जात असे, आणि मगच चुलीकडे.

त्या दिवशी ऊन अंगणात आले तेव्हा आजी कालवडीजवळ बसलेलीच होती.

“बाळा, हिचे केस बघ,” ती नातवाला म्हणाली.

“आजी, थंडी किती आहे! थंडीनं उभे राहिले असतील.”

“थंडीनं राहिले असते तर उन्हात निजले असते. आणि थंडी काय हिला एकटीलाच आहे? त्या दुसऱ्याला हात लावून बघ.”

मुलाने दोन्ही वासरांवरून हात फिरवला. मोठ्या वासराचे केस उन्हाने मऊ होऊन अंगाशी बसले होते. कालवडीचे मात्र ताठ उभे होते आणि कोरडे लागत होते. आजीने तिच्या मानेवरची कातडी चिमटीत धरून ओढली व सोडून दिली. निरोगी वासराची कातडी तत्काळ, फार तर दोन सेकंदांत, पूर्ववत होते. हिची घडी तशीच राहिली आणि हळूहळू सपाट झाली. अंगातील पाणी कमी झाल्याची ती खूण होती. शेपटीखालचे केसही ओले होऊन चिकटले होते; रात्री हगवण सुरू झाली असावी. सकाळी ती थोडेसे दूध प्याली होती, म्हणून सुनेला संशय आला नव्हता.

मुलाच्या वडिलांनी लगेच पशुवैद्यांना बोलावणे पाठवले. ते येईपर्यंत घरच्यांनी आदल्या वर्षीची चूक केली नाही. दूध तोडले नाही. थोडे थोडे करून अधिक वेळा पाजले. मधल्या वेळी कोमट पाण्यात मीठ व साखर कालवून ते पाजले. हगवणीने वासरू मरते ते बहुधा रोगजंतूंपेक्षा अंगातील पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे. म्हणून ते परत भरून काढणे हा पहिला उपाय. पशुवैद्य आले, त्यांनी ताप पाहिला. वासराच्या अंगाची उष्णता साधारणपणे १०१ ते १०३ अंश फॅरनहाइट असते. हिची १०४ च्या वर गेली होती. त्यांनी शिरेतून सलाईन दिले, औषध दिले आणि क्षारपाण्याचे प्रमाण मुलाकडून वहीत लिहून घेतले. मोठे वासरू वेगळ्या जागी बांधायला सांगितले. जाताना त्यांनी विचारले, “लवकर कळवलंत. कोणाच्या लक्षात आलं?” नातवाने आजीकडे बोट दाखवले. आजी गोणपाट ऊन करीत बसली होती. तिने मान वर केली नाही.

ती रात्र कठीण गेली. पहाटेपर्यंत कालवड पाय पोटाशी घेऊन पडून होती. मुलगा दर दोन तासांनी उठून पाणी पाजत होता आणि प्रत्येक वेळी तिच्या मानेची कातडी चिमटीत धरून मनात आकडे मोजत होता. पहिल्यांदा पाच झाले, मग चार. तांबडे फुटायच्या सुमारास तीन. सकाळी ती स्वतःहून उठली आणि आईच्या दिशेने हंबरली. केस मात्र अजून तसेच होते. आजी म्हणाली, “ते आत्ता नाही बसायचे. पोट आधी, अंग मागून.”

आणि खरोखर तसेच झाले. हगवण चार दिवसांत थांबली. कांती यायला दीड महिना लागला. तिसऱ्या आठवड्यापासून तिला दुधाबरोबर थोडा भरडा आणि कोवळा लसूणघास मिळू लागला. वासराच्या पोटातील रवंथाचा कोठा जन्मतः लहान व निकामी असतो. दाणा आणि चारा यांनी तो हळूहळू वाढतो.

शिमग्याच्या सुमारास मी पुन्हा त्या वस्तीवर गेलो, तेव्हा कालवड अंगणातल्या लिंबाखाली बांधलेली होती. जन्मवेळचे मळकट केस तिच्या मानेवरून आणि पाठीवरून सुटत होते. त्यांच्याखाली काळाभोर, आखूड आणि चकचकीत असा नवा केस आला होता. नातू शाळेतून आला, दप्तर ओट्यावर टाकून त्याने खरारा घेतला आणि तो तिचे अंग खाजवू लागला. कालवड मान लांब करून, डोळे मिटून उभी राहिली. खराऱ्याच्या दात्यांत अडकलेले जुन्या केसांचे झुबके तो काढून खाली टाकी आणि अंगणातल्या चिमण्या ते उचलून वळचणीच्या घरट्याकडे नेत होत्या.